पंधरावं नाणं

सुहासिनीताई कारखानीसांना सोन्याचा सोस होता, असं कॉव्हेंट्रीतल्या ज्या ज्या बाईने म्हटलंय, तिला मला एकदा समोर बसवायचंय. चहा देईन, चिवडा देईन, पण मध्ये बोलू देणार नाही. हे वाक्य मी हळदीकुंकवात ऐकलं, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ऐकलं, आणि एकदा तर भर सुपरमार्केटात बटाट्यांसमोर ऐकलं. प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसले, कारण ताईंना तमाशा आवडत नाही. आता त्या रिटायर झाल्यात, मीही पन्नाशीला आलेय, आणि मला तमाशा करायचा आहे.

आधी ताई कोण ते सांगते. उंची पाच फुटांच्या आत, राखाडी कार्डिगन, घट्ट अंबाडा, गळ्यात बारीक मंगळसूत्र आणि हातात काही नाही. लॅबमध्ये बांगड्या चालत नाहीत म्हणून १९७१ साली काढून ठेवल्या, त्या परत घातल्याच नाहीत. सोन्याचा सोस असलेली बाई अशी असते का? आमच्या हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये त्या टेक्निशियन होत्या. मी, मंजिरी, १९८३ साली तिथे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा त्यांनीच मला मायक्रोस्कोपसमोर बसायला शिकवलं. रक्तपेशी मोजायचं मशीन तेव्हा आलेलं होतं, पण मशीनला शंका आली की स्लाइड ताईंकडे यायची. त्या शांतपणे पाहायच्या आणि चार शब्द लिहायच्या. त्या चार शब्दांवर वॉर्डातल्या माणसांची औषधं बदलत. शाबासकी मात्र रिपोर्टखाली सही करणाऱ्या साहेबांना.

त्यांचे यजमान डॉक्टर पद्माकर कारखानीस दुसऱ्या हॉस्पिटलात होते. वीस वर्षं राबूनही त्यांना कुणी कन्सल्टंट केलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी कधी आवाज चढवला नाही. भला माणूस. कुणालाच नाही म्हणायचं नाही हा त्यांचा स्वभाव, आणि सगळा घात तिथेच झाला.

नाण्यांची सुरुवात १९८०च्या गुढीपाडव्याला झाली. पाडव्याला गुंजभर तरी सोनं घरात यावं, ही कारखानीसांच्या घरची रीत. दरवर्षी डॉक्टर लेस्टरहून कुड्या नाहीतर अंगठी आणायचे आणि ताई ती कपाटात ठेवून द्यायच्या. त्या वर्षी सोन्याचे भाव आभाळाला टेकले होते. डॉक्टरांनी ताईंच्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, "यात जे काही येईल ते तूच आण." ताई लंचअवरमध्ये बाहेर पडल्या आणि एका नाण्यांच्या दुकानापुढे थांबल्या. काचेत एक छोटं अमेरिकन सोन्याचं नाणं होतं, अडीच डॉलरचं, कोटाच्या बटणाएवढं. एका बाजूला पिसांचा टोप घातलेला तिथला आदिवासी सरदार, दुसऱ्या बाजूला गरुड. ताईंचं लक्ष गेलं ते वेगळ्याच गोष्टीकडे. नाण्यांवर चित्र वर उठलेलं असतं. या नाण्यावर ते आत बुडालेलं होतं, सपाट सोन्यात कुणी खोदून काढल्यासारखं.

आत जाऊन त्यांनी दुकानदाराला विचारलं, असं का? तो म्हणाला, "दागिन्यासाठी हवंय का? मग तुमच्या लोकांच्या सोनाराकडे जा, स्वस्त पडेल." ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने खांदे उडवले. त्याला माहीत नव्हतं! नाणी विकून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्या काचेतल्या नाण्याची माहिती नाही, आणि गिऱ्हाईक बाईला सोनाराचा सल्ला मात्र तयार. ताईंनी ते नाणं घेतलं आणि उत्तर सेंट्रल लायब्ररीत जाऊन शोधलं.

लायब्ररीत त्यांना कळलं, की ही नाणी १९०८ ते १९२९ या काळात पाडली गेली, मधली काही वर्षं सोडून, आणि साल व टांकसाळ धरून त्यांचे प्रकार होतात अवघे पंधरा. "मंजिरी, पंधरा म्हणजे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं काम आहे गं," त्या मला पुढे अनेकदा सांगायच्या. तेव्हापासून दर पाडव्याला एक. वर्षभर शनिवारच्या ड्यूट्या करायच्या, ते पैसे बाजूला ठेवायचे, आणि पाडव्याच्या सुमारास पारखून एकच नाणं घ्यायचं. डॉक्टरांना वाटायचं, बायको सोनं जमवतेय. त्यांनी विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही.

नाण्याची किंमत कशी करतात हे मी ताईंच्या किचन टेबलावर शिकले. काळं कापड, डावीकडून दिवा, दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग. नाणं नेहमी कडेला धरायचं. नाण्याच्या तोंडावर, म्हणजे चित्रावर, बोट लावायचं नाही, त्याच्यावर वाकून बोलायचंसुद्धा नाही, थुंकी उडते. "सोन्याचं वजन सगळ्यांचं सारखंच," त्या सांगायच्या. "ती किंमत काय, सोनारही सांगेल. आपण बघायचं ते साल, टांकसाळ आणि अंग." अंग म्हणजे नाण्याचा वरचा पृष्ठभाग. टांकसाळीतून बाहेर पडल्यापासून नाण्याचं काय काय झालं, ते सगळं त्या अंगावर वाचता येतं. एकदा एका नाण्यावर करडा डाग दिसला म्हणून मी सहज टिश्यू पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. खराखुरा. "घासलेलं नाणं म्हणजे पुसून टाकलेली स्लाइड. मग त्यात काय वाचणार?"

नाणी ठेवायला त्यांनी लॅबमधली एक बाद झालेली लाकडी स्लाइडपेटी आणली होती, तीही मॅनेजरची लेखी परवानगी घेऊन. कचऱ्यात जाणारी पेटी! तो परवानगीचा कागद त्यांनी झाकणाच्या आत चिकटवून ठेवला. मी हसले तर म्हणाल्या, "उद्या कुणी विचारलं तर?" अशी ही बाई.

१९८६ मध्ये त्या नाणी जमवणाऱ्यांच्या एका मंडळाच्या मेंबर झाल्या. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमागच्या खोलीत बैठक. सेक्रेटरी रेमंड थॉर्प, कारखान्यातून रिटायर झालेले, कोटाला मंडळाचा बिल्ला. ताईंना सोबत म्हणून मीही जायची. आठ वर्षांत त्या खोलीत प्रत्येकाने आपापल्या संग्रहावर भाषण केलं. एकाने तर ट्रामच्या तिकिटांवर तासभर केलं. ताईंना कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की डिसेंबरच्या बैठकीला समोसे आणाल का? ताईंनी जन्मात समोसा तळला नव्हता. त्या कोथिंबीरवडी न्यायच्या, आणि मंडळी "लव्हली समोसाज, सुझी" म्हणत ती फस्त करायची. सुहासिनी म्हणायला जमत नाही म्हणून सुझी.

एकदा एका मेंबरने वीस डॉलरचं मोठं नाणं आणलं. ते हातोहाती फिरलं, वाहवा झाली. ताईंकडे आलं तेव्हा त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, "हे खोटं आहे. गरुडाच्या मानेखाली बारीक गाठी आहेत. टांकसाळीच्या ठशात अशा गाठी येत नाहीत." खोलीत हशा पिकला. चार महिन्यांनी त्या माणसाने नाणं परत केलं, कारण ते खोटंच निघालं. ही बातमी थॉर्पसाहेबांनी बैठकीत वाचून दाखवली, आणि ताईंचं नाव घेतलं नाही. सगळे जण खिडकीबाहेर बघत होते. मी उठून उभी राहणार होते, पण ताईंनी माझा हात दाबून मला खाली बसवलं. त्या दिवशी मी त्यांचं ऐकायला नको होतं.

१९९३ पर्यंत चौदा नाणी जमली. राहिलं ते सगळ्यांत दुर्मीळ: १९११ सालचं, डेन्व्हरच्या टांकसाळीतलं. त्या सालाची साधी नाणी भरपूर आहेत, ताईंकडेही एक होतं. डेन्व्हरच्या नाण्यावर फरक एवढाच, की गरुडाच्या पायाशी, बाणांच्या टोकांजवळ, 'डी' हे एक अक्षर असतं, तिळाहून लहान. त्या अक्षराने किंमत कितीतरी पट होते. आणि गंमत अशी, की नाण्यावरचं सगळं चित्र आत बुडालेलं असलं तरी हे अक्षर तेवढं वर उठलेलं असतं. त्यामुळे झिजतं ते सगळ्यांत आधी. काही नाण्यांवर तर ते मुळातच इतकं पुसट उमटलंय, की भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं.

१९९४ साली, पाडव्याच्या आदल्या रविवारी, आम्ही बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात भरलेल्या नाण्यांच्या बाजारात गेलो. गाडी मी चालवली. एका टेबलावरच्या ट्रेमधून ताईंनी १९११ सालचं एक नाणं उचललं, दिव्याखाली तिरकं धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग विक्रेत्याला म्हणाल्या, "हे साधं १९११चं आहे ना? तुम्ही एकदा भिंगाने बघता का?" मी त्यांच्या पायावर पाय दिला. पण ताई त्या ताई. विक्रेता सँडविच खात होता. म्हणाला, "पाकिटावर लिहिलंय तेच आहे, लव्ह." त्या म्हणाल्या, "तरी बघा." त्याने पाहिलं नाही. ताईंनी पाकिटावरची किंमत घासाघीस न करता दिली.

घरी भिंगाखाली मलाही दिसलं. 'डी'ची उभी रेघ आणि पोटाचा अर्धा गोल, बस. मी आनंदाने ओरडलेच. म्हटलं, "ताई, उद्या लॅबच्या मायक्रोस्कोपवर याचा फोटो काढू."

"तो मायक्रोस्कोप हॉस्पिटलचा आहे," त्या म्हणाल्या. विषय संपला.

पुढच्या बैठकीत त्यांनी ते नाणं थॉर्पसाहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी भिंग लावलं, काढलं, चष्मा पुसला. "मळ साचलाय, सुझी. आपल्याला हवं ते दिसतं कधीकधी." पुन्हा हशा. या वेळी ताई खाली बसल्या नाहीत. उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "लंडनच्या तज्ज्ञाने लिहून दिलं तर?" साहेब मोठ्या मनाने म्हणाले, "मग जानेवारीची बैठक तुमची. पंधराच्या पंधरा मांडा आणि आम्हाला शिकवा." सगळ्यांसमोर म्हणाले. ताईंनी दुसऱ्याच दिवशी लंडनला पत्र टाकलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ मिळाली.

त्या उन्हाळ्यात त्यांनी भाषण लिहिलं. सोळा पानं, इंग्रजीत, हाताने. लंचमध्ये मला एकेक पान वाचून दाखवायच्या आणि माझं सँडविच तसंच राहायचं. मी त्यांना अकरा वर्षं ओळखत होते, पण इतक्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं. आठ वर्षं त्या खोलीत त्या वड्यांचा डबा घेऊन बसल्या होत्या. आता ते लोक गप्प बसणार होते आणि त्या बोलणार होत्या. त्यासाठी हवा होता लंडनचा एक कागद, आणि त्या कागदासाठी ते एक अक्षर.

ऑक्टोबरमध्ये ताईंच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. सप्टेंबरात डॉक्टरांचा मला फोन आला. "मंजिरी, सुहासिनीची ती नाणी कुठे असतात गं? तिला सांगू नकोस हं, सरप्राइज आहे. छान काचेची पेटी करून घेतोय. आत मखमल. किती आहेत?"

"पंधरा," मी म्हटलं. "रजयांच्या कपाटात, वरच्या फळीवर, मागच्या बाजूला." इतक्या वर्षांनी नवऱ्याला बायकोच्या नाण्यांची आठवण झाली याचाच मला इतका आनंद झाला, की पुढे काही विचारावं हे सुचलंच नाही. हे मी सांगितलं, दुसऱ्या कुणी नाही.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. सुताराशी त्यांचं बोलणंही झालं होतं. पण मग ग्लासगोहून त्यांची थोरली बहीण राहायला आली, वैजयंतीबाई. नवरा सर्जन, हातात पाटल्या, तोडे आणि प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द. पेटीचं ऐकून त्या उखडल्या. "पेटी? पंचवीस वर्षं बायको लंकेची पार्वती होऊन हिंडतेय, आणि तू तिला सोनं काचेतून दाखवणार? माळ कर तिला, पुतळ्यांची करतात तशी." डॉक्टर चाचरत म्हणाले, की ती जुनी परदेशी नाणी आहेत. यावर बाईंचं उत्तर तयार. "आपल्या पुतळ्या तरी काय होत्या? परदेशी व्यापाऱ्यांची नाणीच. आपल्या बायकांनी कड्या लावल्या आणि घातली गळ्यात." हे खरं आहे. मी नंतर वाचलं, आणि माझा राग उलट वाढला, कारण हिला इतिहास माहीत होता, पण सोयीपुरता. "आणि गरुडाची बाजू पुढे ठेवू," त्या म्हणाल्या. "विष्णूचं वाहन. शुभ असतं."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. लेस्टरच्या एका सोनाराने पंधरा नाण्यांना आच देऊन पंधरा कड्या जोडल्या. मग आपण होऊन पंधराही नाणी पॉलिशच्या चाकावर धरली आणि आरशासारखी लखलखीत करून दिली. पॉलिशचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, हे वैजयंतीबाई पुढे आठवडाभर सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. दीडशे माणसं, श्रीखंड-पुरी, स्टेजवर दोन खुर्च्या. ताईंची मुलगी मीनल माइकवर आली. ती इथेच जन्मलेली, मराठी तिचं तिचं. "आता आईला एक मोठा सरप्राइज आहे. डॅडी आणि आत्याने मिळून केला आहे. सो प्लीज, सगळे टाळ्या वाजवा." मी पेटीची वाट बघत तिसऱ्या रांगेत मान उंच करून बसले होते. वैजयंतीबाईंनी लाल डबी उघडली, लाल रेशमात ओवलेली माळ वर धरून सगळ्यांना दाखवली आणि ताईंच्या गळ्यात घातली. पंधरा गरुड दिव्यात झगमगले. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

ताईंनी मान खाली केली. माळेतलं एक नाणं उचललं, नेहमीसारखं कडेला धरून. क्षणभर पाहिलं. मग सरळ त्याच्या तोंडावर अंगठा दाबला आणि ते मुठीत धरलं. मला एवढं पुरे होतं.

नंतर हॉलच्या किचनमध्ये त्यांनी शांतपणे विचारलं, "वन्सं, ही नाणी कुणाला विचारून घेतलीत?"

"अगं, विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "तुझीच आहेत, तुझ्याच गळ्यात आहेत. गेलं काय त्यातलं?"

"छान दिसतेय गं," डॉक्टर म्हणाले. "नाही आवडली?"

माझा तोल गेला. "डॉक्टर, तुम्ही मला पेटी म्हणाला होतात!"

ताई माझ्याकडे वळल्या. "तू सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी माळ उतरवली, डबीत ठेवली आणि पुऱ्यांची रिकामी परात धुवायला घेतली. एवढी मोठी माळ मिळूनही बाईचं तोंड वाकडं, हे किचनच्या दारातून चार जणींनी पाहिलं. सोन्याच्या सोसाची गोष्ट गावभर पसरली ती तिथून! अजून जास्त हवं होतं म्हणे त्यांना.

तीन आठवडे त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी ते सोसलं, मला सोसायलाच हवं होतं. मग एका दुपारी स्लाइड पुसता पुसता म्हणाल्या, "लंडनची वेळ मी रद्द केलेली नाही. येतेस?" डॉक्टरही यायचे होते. एका रविवारी सकाळी टेबलावर पडलेली ती सोळा पानं त्यांनी सहज उचलली आणि शेवटपर्यंत वाचली. वाचून ते ताईंपुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं." ताई म्हणाल्या, "चौदा वर्षं त्याच टेबलावर जेवत होतात." डॉक्टरांनी रजा टाकली.

लंडनचे तज्ज्ञ सत्तरीचे होते, हळू बोलणारे. माळ पाहून ते हसले नाहीत. काळ्या मखमलीवर त्यांनी ती पसरली, एकेक नाणं उलटंपालटं केलं आणि शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, "हे फार वाईट झालं." त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाच्या पाया पडले असते. इतक्या वर्षांत हे कळलेला तो पहिलाच. ही नाणी आता वजनाच्या भावाची आहेत, त्यांनी सांगितलं, जमवणारा कुणी ती घेणार नाही. मग त्यांनी ताईंचं पत्र पुढे ओढलं आणि १९११ सालची दोन्ही नाणी शेजारी शेजारी आणली. मोठ्या मायक्रोस्कोपखाली दोन्ही पाहिली. अक्षर कुठेच नव्हतं.

"फोटो आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"सर," डॉक्टर एकदम बोलले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "चूक माझी आहे. पण अक्षर होतं. माझ्या बायकोने ते पाहिलंय, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिला विचारा. कुठलं नाणं ते ती सांगेल."

ताईंनी नाण्यांबद्दल जे पत्र पाठवलं होतं ते तज्ज्ञांनी नीट वाचलेलं दिसत होतं, त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. "मॅडम, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "मी प्रमाणपत्र देऊ शकत नाही. पण पॉलिश होण्यापूर्वी या नाण्यावर अक्षर होतं असं मालकीणबाई खात्रीने सांगतात, आणि त्या जाणकार आहेत, एवढं मी माझ्या सहीने लिहून देईन. फक्त कुठलं ते दाखवा." आणि त्यांनी भिंग ताईंपुढे केलं.

एवढा कागदसुद्धा थॉर्पच्या तोंडावर मारायला पुरला असता. ताईंनी भिंग डोळ्याला लावलं. पहिलं नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं, पुन्हा पहिलं. दिवा डावीकडे घेतला. नाणी तिरकी केली. कडा पाहिल्या, जिथे कड्या जोडल्या होत्या. डॉक्टर खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ताईंच्या कपाळावर घाम आला. मला कळलं. दोन्ही नाणी गुळगुळीत, दोन्ही चकचकीत, एकावरही वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी मराठीत हळूच म्हटलं, "ताई, कुठलंही दाखवा. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आय कॅनॉट टेल," त्या तज्ज्ञांना म्हणाल्या.

"अगं, नीट बघ ना," डॉक्टर कळवळून म्हणाले. "तुला दिसेल. तुला दिसतं."

ताईंनी भिंगाची घडी घातली आणि ते टेबलावर ठेवलं. "नीटच बघितलं हो," त्या म्हणाल्या. "मलाही ओळखू येत नाही."